आयएनएन न्यूज सर्व्हर: कंपाइल करतानाचे कोणते स्विच कामाचे, कोणते सोडून द्यायचे

सोलापुरात आज न्यूज सर्व्हर, म्हणजे चर्चागटांचे लेख साठवणारा आणि दुसऱ्या सर्व्हरांना पुढे देणारा सर्व्हर, लागतो कोणाला, हे आधी सांगायला हवे. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी यूजनेट या जगभरच्या चर्चागटांच्या जाळ्याशी नाते तोडले, तेव्हा हा प्रकारच संपला असे अनेकांना वाटले. तसे झालेले नाही. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये विषयवार चर्चागट चालवायचे असतील, किंवा मुख्य कार्यालय सोलापुरात आणि शाखा बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटला असलेल्या संस्थेत परिपत्रके आणि त्यांवरची प्रश्नोत्तरे सगळीकडे सारखी ठेवायची असतील, तर एनएनटीपी (असे लेख सर्व्हरांमध्ये आणि वाचकांपर्यंत पोचवायची पद्धत) अजूनही सोयीचे पडते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी प्रत्येक शाखेतला सर्व्हर आपापल्या जागी चालू राहतो. लोक वाचतात, लिहितात, आणि लाइन आली की अडकलेले लेख पुढच्या शाखेकडे निघून जातात. एकाच ठिकाणी बसवलेल्या वेब फोरमकडून ही अपेक्षा करता येत नाही.

या कामासाठी सगळ्यात जुना आणि अजूनही सांभाळला जाणारा सर्व्हर म्हणजे आयएनएन, म्हणजेच इंटरनेटन्यूज. रिच साल्झ यांनी तो १९९२ मध्ये बाहेर काढला. सध्याची शाखा २.७ ही असून २.७.० ही आवृत्ती २०२२ मध्ये आली. सोर्स मोफत मिळतो आणि आयएससी या संस्थेच्या साइटवरून उतरवता येतो. इथे परीक्षण आहे ते त्याच्या एकाच अंगाचे: सोर्सपासून बांधताना द्यायच्या सेटिंग्जचे. निकाल आधीच सांगून टाकतो. स्विच भरपूर आहेत, पण पुढे पस्तावायची वेळ आणणारे पाच-सहाच. तेवढे नीट ठरवले तर बांधणी उत्तम होते, म्हणून पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो कॉन्फिगरच्या (बांधणीआधी चालवायची स्क्रिप्ट, स्विच द्यायचे ते हिला) मौनासाठी, त्याबद्दल पुढे.

(आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती, मोठी अक्षरे सांगितलेली जागा सोडून, रोमन लहान अक्षरांतच टाइप करायची, हे वेगळे सांगायला नको.)

आधी थोडे मागचे, कारण नेटवर सापडणारी अर्धी माहिती त्या काळची आहे. १.x शाखेत सगळा कारभार कॉन्फिग.डेटा नावाच्या एका लांबलचक फाइलीत असे. डावीकडे नाव, मग टॅब, उजवीकडे किंमत. टॅबच्या जागी स्पेस पडली की गडबड. सब्स्ट नावाची शेल स्क्रिप्ट त्या किमती सोर्समध्ये पेरत असे आणि मग कंपाइल व्हायचे. किती लेखांनंतर हिस्टरी (पाहिलेल्या लेखांची नोंद) डिस्कवर उतरवायची एवढी साधी गोष्ट बदलायची असली तरी बांधणी पुन्हा. आज तीच गोष्ट आयसीडीसिंककाउंट या नावाने आयएनएन.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलीत आहे, ठरलेली किंमत १०, आणि ती बदलायला फक्त सर्व्हर पुन्हा चालू करावा लागतो. २.x शाखेत बहुतेक सेटिंग्जचा असाच मुक्काम हलला. त्यामुळे एखाद्या जुन्या लेखात मोठ्या अक्षरांतले, अंडरस्कोअर घातलेले नाव दिसले तर ते कॉन्फिगरच्या स्विचांत शोधत बसू नका, आयएनएन.कॉन्फचे मॅन पान उघडा, तिथे ते बहुधा लहान अक्षरांत भेटेल.

कंपाइलच्या वेळी आज उरलेल्या गोष्टी तीन प्रकारच्या: कुठे काय ठेवायचे आणि कोणाच्या नावाने, बाहेरच्या कोणत्या लायब्ररी जोडायच्या, आणि डिस्कवरच्या डेटाचा साचा कसा ठेवायचा. यंत्रमागावर ताणा एकदा बीमवरून चढला की पन्हा बदलत नाही, बाणा मात्र हवा तसा बदलता येतो. कॉन्फिगर आणि आयएनएन.कॉन्फ यांचा संबंध जवळपास तसाच आहे.

मार्ग आणि मालक

--प्रिफिक्स दिला नाही तर सगळे /यूएसआर/लोकल/न्यूज खाली जाते: बिन, ईटीसी, डीबी, लॉग, स्पूल. छोट्या सर्व्हरला हेच बरे. एक डिरेक्टरी, एक बॅकअप. लेखांचा साठा वेगळ्या डिस्कवर हवा असेल तर --विथ-स्पूल-डिर, हिस्टरी एसएसडीवर हवी असेल तर --विथ-डीबी-डिर, आणि लॉगसाठी --विथ-लॉग-डिर. हे तिन्ही मार्ग नंतर आयएनएन.कॉन्फमध्ये पाथस्पूल, पाथडीबी, पाथलॉग लिहूनही बदलतात, त्यामुळे इथे चुकले तरी आभाळ कोसळत नाही. पण दोन ठिकाणी दोन मार्ग ठेवू नका. सहा महिन्यांनी मेक अपडेटने नवी आवृत्ती चढवताना कोणता खरा हे आठवत नाही, आणि नवी डिरेक्टरी गुपचूप जुन्या जागी तयार होते.

एक मार्ग मात्र प्रोग्रामच्या आत कोरला जातो: खुद्द आयएनएन.कॉन्फ कुठे आहे हा. तो --प्रिफिक्सवरून ठरतो. फाइल दुसरीकडे हलवली तर आयएनएनकॉन्फ या मोठ्या अक्षरांतल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने वाट दाखवता येते, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या न्यूज.डेलीला ते व्हेरिएबल मिळाले नाही की रात्रीची साफसफाई होत नाही आणि डिस्क भरत जाते. ही भानगड टाळायची तर फाइल जागेवरच राहू द्या.

--विथ-न्यूज-यूजर आणि --विथ-न्यूज-ग्रुप यांची ठरलेली किंमत न्यूज. सूचनांचे मेल ज्याला जातात त्या --विथ-न्यूज-मास्टरची यूजनेट. डेबियन आणि उबुंटूमध्ये न्यूज हा यूजर आधीपासून असतो, नवा काढायची गरज नाही. त्याचे शेल मात्र नोलॉगिन असते, म्हणून आयएनएनच्या मार्गदर्शकात लिहिल्याप्रमाणे नुसते एसयू करून न्यूज व्हायला गेलात तर खाते उपलब्ध नाही म्हणून हाकलले जाल. एसयू न्यूज -एस /बिन/एसएच असे द्या. यूजनेट या नावाला मात्र मेलच्या अलायसमध्ये खरा माणूस लावा, नाहीतर रोजचा अहवाल आणि डिस्क भरल्याची ओरड दोन्ही हवेत जातात.

नव्या फाइलींची परवानगी ठरवणाऱ्या उमास्कची ठरलेली किंमत ००२ आहे, म्हणजे न्यूज गटातला कोणीही फाइलींवर लिहू शकतो. कॉलेजात सिस्टिम अॅडमिनच्या हाताखाली दोन-तीन विद्यार्थी काम पाहत असतील आणि ते न्यूज गटात असतील तर हे सोयीचे. एकच माणूस सांभाळणार असेल तर --विथ-न्यूज-उमास्क=०२२ देऊन दार लावून घ्या. बांधणीनंतर चेमॉड मारत बसणे चुकीचे, कारण पुढच्या अपडेटला परवानग्या परत जुन्या होतात आणि इनचेक हा तपासणीचा प्रोग्राम तक्रार करत राहतो.

पोर्टाची गंमत थोडी वेगळी. ११९ हे एनएनटीपीचे पोर्ट १०२४ च्या खालचे, ते उघडायला रूट लागतो. पण आयएनएनडी, म्हणजे आयएनएनचा मुख्य प्रोग्राम, स्वतः रूट म्हणून चालत नाही. मधले काम इनबाइंड नावाचा छोटा सेटयूआयडी (कोणीही चालवला तरी रूटच्या हक्काने चालणारा) प्रोग्राम करतो, आणि तो मुद्दाम कडक ठेवला आहे. ११९, ४३३ अशा बातम्यांच्या ठरलेल्या पोर्टांखेरीज खालचे भलतेच पोर्ट मागितले तर तो नकार देतो. तसे खरोखर हवे असेल तर --विथ-आयएनएनडी-पोर्ट बांधणीच्या वेळीच द्यावा लागतो. ही कडकपणाची जागा आम्हाला आवडली. आणि म्हणूनच मेक इन्स्टॉल रूट म्हणूनच करायचे. साध्या यूजरने केले तर इनबाइंडवर सेटयूआयडी बिट बसत नाही आणि सर्व्हर सुरू होताना पोर्ट बांधता येत नाही म्हणून बंद पडतो.

लायब्ररी आणि कॉन्फिगरचे मौन

इथे कापलेल्या गुणाचा हिशेब. ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीसाठी), झेडलिब (माहिती दाबण्यासाठी), स्क्यूलाइट (डेटाबेससाठी) यांसारख्या लायब्ररी कॉन्फिगर स्वतः शोधते. सापडली तर जोडते, नाही सापडली तर गप्प पुढे जाते. शेकडो ओळी स्क्रीनवरून सरकतात, त्यांत एक "नो" कोणाच्या लक्षात येणार? बांधणी यशस्वी होते, सर्व्हर चालू होतो, आणि आठवड्याने कोणी थंडरबर्डमधून ५६३ पोर्टावर सुरक्षित जोडणी लावायला गेले की कळते, टीएलएस (सुरक्षित जोडणीची सोय) आत आलेच नाही.

उपाय साधा आहे आणि तो प्रत्येकाने वापरावा: जे हवे ते नाव घेऊन मागा. --विथ-ओपनएसएसएल असे स्पष्ट दिले आणि लायब्ररी नसेल तर कॉन्फिगर जागच्या जागी चूक दाखवून थांबते. तसेच --विथ-झेडलिब, --विथ-स्क्यूलाइट३. जे नको ते --विदाउट लावून नाकारा, म्हणजे दुसऱ्या शाखेतल्या यंत्रावर निराळी लायब्ररी बसलेली असली तरी बांधणी एकसारखीच होते. चार शाखांत चार तऱ्हेचे सर्व्हर असले की दोष शोधताना डोके फिरते.

डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर आधी बसवायचे ते असे: बिल्ड-एसेन्शियल, बायसन, लिबपर्ल-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबस्क्यूलाइट३-डेव्ह. पायथन फिल्टर हवे असतील तरच पायथन३-डेव्ह. नेहमी गोंधळ होतो तो इथे: ओपनएसएसएल यंत्रावर असते, पण त्याचे डेव्ह पॅकेज नसते. चालवायला पहिले पुरते, बांधायला दुसरे लागते. मेल पाठवणारा सेंडमेल किंवा त्याच्या जागी चालणारा प्रोग्रामही आधीच बसवा. छोट्या यंत्रावर तो नसतो, आणि आयएनएनला अहवाल पाठवायला तो हवाच. वेगळ्या जागी असेल तर --विथ-सेंडमेलने मार्ग द्या.

--विथ-पर्ल घ्यावे का? आमच्या मते घ्यावेच, चार जणांचा सर्व्हर असला तरी. नको असलेले लेख दारातच अडवणारी फिल्टर_आयएनएनडी.पीएल ही स्क्रिप्ट त्यावर चालते, आणि वाचकांची ओळख पडताळायचे हूकही पर्लमध्ये लिहिता येतात. त्याची किंमत एकच, पण ती विसरू नका. आयएनएन यंत्रातल्या लिबपर्लच्या नेमक्या आवृत्तीशी जोडले जाते. डेबियन ११ मध्ये पर्ल ५.३२ होते, १२ मध्ये ५.३६ आले, ऑपरेटिंग सिस्टिम वरच्या आवृत्तीवर नेली आणि स्वतः बांधलेला आयएनएन तसाच ठेवला की शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणून आयएनएनडी उठतच नाही. त्या दिवशी आयएनएन पुन्हा बांधायचा, एवढे डायरीत लिहून ठेवले की पुरे. --विथ-पायथनबद्दल तेच, फक्त गरज आणखी कमी. दोन्ही घेतले तर अपडेटच्या वेळी मोडण्याच्या जागाही दोन.

सॅसल आणि कर्बेरॉस (लॉगिन पडताळायच्या पद्धती) मोठ्या विद्यापीठी नेटवर्कसाठी. ज्यांच्याकडे आधीपासून केंद्रीय लॉगिन नाही त्यांनी तिकडे वळू नये. २.७ पासून --विथ-कॅनलॉकही मिळते. दुसऱ्याच्या नावाने लेख रद्द करण्याला त्याने आळा बसतो. बाहेरच्या जगाशी फीड (लेखांची देवाणघेवाण) जोडणार असाल तर घ्या, बंद नेटवर्कमध्ये सोडून द्या.

ओव्हरव्ह्यू: सगळ्यात विचाराची जागा

वाचकाने गट उघडला की त्याला विषयांची यादी दिसते, ती ओव्हरव्ह्यूमधून येते. ती कशी साठवायची हे आयएनएन.कॉन्फमधल्या ओव्हीमेथडने ठरते, पण त्यातले दोन पर्याय बांधणीच्या वेळी लायब्ररी जोडली असेल तरच हाताला लागतात.

ट्रॅडइंडेक्स्डला बाहेरचे काहीच लागत नाही. दर गटाला दोन फाइली. वाचायला वेगवान, लिहायला थोडा संथ. दिवसाला काहीशे लेख येणाऱ्या सर्व्हरला हा संथपणा जाणवतसुद्धा नाही. बफइंडेक्स्डमध्ये ठराविक आकाराचे बफर आधी तयार करावे लागतात आणि ते भरले की नवे जोडावे लागतात. लिहिणे झपाट्याचे, म्हणून प्रचंड फीड घेणाऱ्यांचा तो लाडका. सोलापूरच्या कामाला नको.

ओव्हीडीबीला बर्कली डीबी लागते, आणि त्यापासून दूर राहा असेच सांगू. बर्कली डीबीचा परवाना २०१३ मध्ये ६.० आवृत्तीपासून एजीपीएल झाला, त्यामुळे लिनक्सच्या वितरणांत ती जुन्याच आवृत्तीवर अडकून आहे. नव्या बांधणीत मरत चाललेली लायब्ररी का जोडायची?

तिची जागा २.७ मध्ये ओव्हीस्क्यूलाइटने घेतली. सगळी माहिती एका स्क्यूलाइट डेटाबेसमध्ये जाते आणि ओव्हीस्क्यूलाइट-सर्व्हर नावाची वेगळी प्रोसेस ती सांभाळते. आरसी.न्यूज या स्क्रिप्टने सर्व्हर सुरू केला तर ती आपोआप उठते. कोणी हुशारी करून थेट आयएनएनडीच चालवला तर ती उठत नाही आणि ओव्हरव्ह्यू उघडत नाही. झेडलिब जोडलेली असेल तर ओव्हीस्क्यूलाइट.कॉन्फमध्ये कॉम्प्रेसही चालू करता येते, पण हा निर्णय डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच लागू होतो. नंतर बदलून उपयोग नाही, डेटाबेस नव्याने उभारावा लागतो. म्हणून झेडलिबचा स्विच क्षुल्लक वाटला तरी पहिल्याच दिवशी द्या. शिवाय वाचकाशी बोलताना दाबून पाठवण्याची सोय, म्हणजे कॉम्प्रेस डिफ्लेट, याच लायब्ररीवर चालते. तालुक्याच्या शाखेतल्या कमकुवत लाइनवर तिचा फरक दिसतो, कारण ओव्हरव्ह्यू निव्वळ मजकूर असतो आणि मजकूर चांगला दाबला जातो.

मग निवड? पन्नासेक गट आणि एक यंत्र असेल तर ट्रॅडइंडेक्स्ड. बॅकअप सोपा, मोडले तर दुरुस्ती गटागटाने करता येते. गट शेकड्यात गेले तर ओव्हीस्क्यूलाइट. कोणताही घेतला तरी स्क्यूलाइट बांधणीत जोडून ठेवावी. नंतर मत बदलले तर फक्त ओव्हीमेथड बदलून मेकहिस्टरीने ओव्हरव्ह्यू नव्याने बनवायचा, पुन्हा कंपाइल नको.

हिस्टरी, रॅम आणि मोठ्या फाइली

एनेबल-टॅग्ड-हॅश आणि एनेबल-लार्जफाइल्स हे दोन स्विच इंटरनेटवरच्या जुन्या सल्ल्यांत हमखास भेटतात. त्यांचा उपयोग कोणाला, हे नीट समजून घ्या.

हिस्टरी म्हणजे सर्व्हरने पाहिलेल्या प्रत्येक लेखाची नोंद. तोच लेख दुसऱ्या शाखेकडून परत आला तर तो इथे ओळखला जातो. ठरलेल्या बांधणीत तिच्या सोबत .डिर, .इंडेक्स आणि .हॅश अशा फाइली असतात. टॅग्ड-हॅश घेतल्यास .डिर आणि .पॅग. दुसऱ्या प्रकाराला रॅम खूप कमी लागते, पण वेग थोडा घटतो. २५६ एमबीपेक्षा कमी रॅम असलेल्या यंत्रांसाठी तो सुचवलेला आहे. म्हणजे लॅबमधून काढून टाकलेल्या फार जुन्या डबड्यासाठी. पुरेशी रॅम आहे की नाही याचे सूत्रही ठरलेले आहे: हिस्टरी.डिरच्या पहिल्या ओळीतला तिसरा आकडा घ्या, त्याला १० ने गुणा, रॅम त्याहून जास्त बाइट हवी. आकडा एक कोटी असेल तर दहा कोटी बाइट, म्हणजे १०० एमबीच्या आसपास. आजच्या ४ जीबीच्या सेकंडहँड पीसीलाही हे हसत जमते. तेव्हा रात्रीचे एक्स्पायर (जुने लेख काढण्याचे काम) तासन्‌तास रेंगाळत असेल तर आधी हे गणित करा. उत्तर रॅमच्या आत असेल तर दोष दुसरीकडे आहे, बहुधा डिस्कमध्ये.

लार्जफाइल्सचा प्रश्न ३२-बिट यंत्रांचा. तिथे २ जीबीपेक्षा मोठी हिस्टरी किंवा सीएनएफएस या लेख साठवण्याच्या पद्धतीचा बफर हवा असेल तर हा आधार लागतो. ६४-बिट लिनक्सवर फाइलीतली जागा मोजणारा आकडा मुळातच ८ बाइटचा असतो, त्यामुळे तिथे या स्विचची चिंता नको. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. टॅग्ड-हॅश आणि लार्जफाइल्स एकत्र चालत नाहीत. आणि डिस्कवरचा साचा बदलतो: टॅग्ड-हॅशने हिस्टरीचा, लार्जफाइल्सने हिस्टरी, ट्रॅडइंडेक्स्ड आणि बफइंडेक्स्डचा ओव्हरव्ह्यू, सीएनएफएस, टाइमकॅफ (लेख साठवण्याची आणखी एक पद्धत), सगळ्यांचा. जुन्या ३२-बिट पीसीवरची डीबी डिरेक्टरी उचलून नव्या ६४-बिट यंत्रावर ठेवली की आकडे भलतेच वाचले जातात. डेबियनने एके काळी याच कारणाने आयएनएन२-एलएफएस असे वेगळे पॅकेज ठेवले होते. यंत्र बदलताना लेख ट्रॅडस्पूलमध्ये (दर लेखाला एक फाइल) असतील तर फक्त लेख न्या, हिस्टरी आणि ओव्हरव्ह्यू नव्या यंत्रावर मेकहिस्टरीने बनवा. वेळ लागतो, पण काम खात्रीचे होते.

विजेचाही संबंध इथेच येतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, वीज मधेच जाते, यूपीएसची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात दम तोडते. अचानक बंद पडल्यावर हिस्टरीत शेवटच्या काही नोंदी राहून जाऊ शकतात. त्यासाठी कंपाइलचा कोणताही स्विच नाही. वर सांगितलेला आयसीडीसिंककाउंट छोट्या सर्व्हरवर १० वरून १ वर आणा. दिवसाला दोनशे लेखांच्या सर्व्हरला त्याचा भार जाणवणार नाही.

जे सोडून द्यायचे

--एनेबल-कीवर्ड्स. लेखाच्या मजकुरातून महत्त्वाचे शब्द काढून ओव्हरव्ह्यूत घालायचे, अशी कल्पना. प्रत्येक लेखामागे आयएनएनडीचा वेळ जातो, आणि शब्द गाळण्याचे नियम इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड मिसळून लिहिणाऱ्या शहरात त्यातून काय निघणार?

--एनेबल-यूयूसीपी-आरन्यूज टेलिफोन मोडेमच्या काळातले. --एनेबल-सेटजीआयडी-आयन्यूज तेव्हाच लागेल जेव्हा एकाच यंत्रावर लॉगिन करून अनेक जण आज्ञेने लेख पाठवतात. उगाच परवानगी वाढवू नये.

मराठीसाठी वेगळा स्विच शोधणाऱ्यांना: तसा नाही आणि लागतही नाही. एनएनटीपीचे २००६ चे मानक यूटीएफ-८ धरूनच आहे, लेखाचा मजकूर जसाच्या तसा जातो. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, आणि मॅक्सआर्टसाइझची ठरलेली मर्यादा १०,००,००० बाइट. म्हणजे एका लेखात तीन लाखांवर चिन्हे मावतात. परिपत्रक कितीही लांबलचक असले तरी पुरेल. गटांची नावे मात्र रोमन लहान अक्षरांत ठेवा, देवनागरी नावांवर वाचक-प्रोग्राम अडतात.

बांधून झाल्यावर तपासणी

कॉन्फिगर संपल्यावर लगेच मेक मारू नका. आधी इन्क्लूड डिरेक्टरीतली कॉन्फिग.एच उघडा आणि ग्रेपने मोठ्या अक्षरांतली चार नावे पाहा: डीओ_पर्ल, हॅव_ओपनएसएसएल, हॅव_झेडलिब, हॅव_स्क्यूलाइट३. यांपैकी एखादे "अनडिफ" असेल तर ते आत आलेले नाही. कारण कॉन्फिग.लॉगमध्ये असते. त्या फाइलीच्या सुरुवातीला तुम्ही दिलेली पूर्ण कॉन्फिगर ओळही असते, ती कॉपी करून जपून ठेवा. पुढच्या वेळी तीच लागणार.

मग मेक, आणि रूट म्हणून मेक इन्स्टॉल. टीएलएससाठी मेक सर्टने स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र तयार होते. चावीची फाइल न्यूजच्या मालकीची हवी आणि इतरांना वाचता येता कामा नये. सैल परवानगी दिसली तर वाचकांशी बोलणारा प्रोग्राम एनएनआरपीडी ती चावी घेत नाही. डीबी डिरेक्टरीत रिकामी हिस्टरी फाइल बनवून, न्यूज यूजर म्हणून मेकडीबीझेड -आय -ओ चालवा. हे रूट म्हणून केले तर फाइली रूटच्या होतात आणि आयएनएनडीला त्यांत लिहिता येत नाही. नव्या सर्व्हरचे निम्मे रडगाणे याच एका पायरीचे असते. ॲक्टिव्ह या गटांच्या यादीच्या फाइलीत कंट्रोल आणि जंक हे दोन गट असलेच पाहिजेत, अनावश्यक समजून ते काढले की सर्व्हर सुरू होत नाही. शेवटी इनचेक -ए -व्ही --पेडँटिक --पर्म. त्याच्या तक्रारी कंटाळवाण्या वाटतात, पण परवानगीबद्दलच्या तरी एकही सोडू नका.

आत काय आले याचा खरा पुरावा सर्व्हरकडूनच घ्या. ११९ वर टेलनेट करा, आधी मोड रीडर द्या (त्याच यंत्रावरून जोडले असेल तर पलीकडे आयएनएनडी स्वतः असतो, त्याची यादी वेगळी), मग कॅपॅबिलिटीज. यादीत स्टार्टटीएलएस दिसले तर ओपनएसएसएल आणि प्रमाणपत्र दोन्ही जागेवर आहेत. कॉम्प्रेस डिफ्लेट दिसले तर झेडलिब आहे. पर्लचा फिल्टर चालू आहे का ते सीटीएलआयएनएनडी मोड सांगतो. ५६३ साठी एनएनआरपीडी वेगळा डेमन म्हणून चालवावा लागतो, -डी -पी ५६३ -एस असे देऊन (डी आणि एस मोठ्या अक्षरांत). हे न कळल्याने "टीएलएस बांधले तरी चालत नाही" अशी तक्रार येते.

स्वतः बांधावे की पॅकेज घ्यावे

खरे सांगायचे तर बहुतेकांनी डेबियनचे आयएनएन२ पॅकेजच घ्यावे. पर्ल, पायथन, टीएलएस त्यात जोडलेले असते, पर्लची आवृत्ती बदलली की पॅकेजही नव्याने येते, आणि सुरक्षा दुरुस्त्या आपोआप मिळतात. मार्ग वेगळे असतात: सेटिंग्ज /ईटीसी/न्यूज, लेख /व्हार/स्पूल/न्यूज, हिस्टरी /व्हार/लिब/न्यूज. मूळ मार्गदर्शक वाचताना हे मनात बदलून घ्यावे लागते, तेवढाच त्रास. स्वतः बांधण्याला अर्थ आहे तो वितरणात अजून न आलेली आवृत्ती हवी असेल, वेगळे पोर्ट हवे असेल, किंवा लायब्ररी काटेकोर कमी ठेवायच्या असतील तर. एकट्या माणसाला बाहेरच्या सर्व्हरवरून काही गट उतरवून वाचायचे असतील तर आयएनएनच नको. लीफनोड हा छोटा न्यूज सर्व्हर त्यापेक्षा कितीतरी हलका आहे.

एक मात्र करू नये: पॅकेजवर सोर्सची बांधणी चढवणे. दोघांचे आयएनएन.कॉन्फ वेगळे, दोघांचे क्रॉन वेगळे, आणि दोन न्यूज.डेली एकाच स्पूलवर एक्स्पायर चालवू लागले की कोणता लेख कोणी उडवला याचा पत्ता लागत नाही.

सोर्सवर राहणाऱ्यांसाठी नवी आवृत्ती चढवण्याचा क्रम: सर्व्हर थांबवा, डीबी आणि ईटीसीची प्रत काढा, जपून ठेवलेल्या कॉन्फिगर ओळीने नवा सोर्स बांधा, आणि मेक इन्स्टॉलऐवजी मेक अपडेट द्या. त्याने ईटीसीतल्या तुमच्या फाइली जागेवर राहतात, रद्द झालेल्या सेटिंग्ज इनअपग्रेड दुरुस्त करतो, आणि जुने प्रोग्राम .ओल्ड (मोठ्या अक्षरांत) लावून शेजारीच ठेवले जातात. नवे दोन-चार दिवस सुरळीत चालले, रात्रीचे अहवाल स्वच्छ आले, की ते .ओल्ड काढून टाका.